अंगणातील कृत्रिम हिरवळ : कुत्रा, मूल आणि माती

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा लसीकरण अथवा मुलांचा आहार असा, बालरोगतज्ज्ञाला शोभेल असा विषय माझ्या मनात होता. परंतु मे महिन्यातील एका दुपारी दवाखान्यात आलेल्या बाळाने तो विषय बदलला. दीड वर्षाची मुलगी, दोन्ही तळपायांवर टपोरे फोड. आई गोंधळलेली, आजी रडवेली. "डॉक्टरसाहेब, गरम असे काहीच नव्हते हो. अंगणातल्या हिरवळीवर गेली होती, तेवढेच," आजी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ती हिरवळ प्लास्टिकची होती. घरातील लॅब्राडोरसाठी म्हणून दोनच महिन्यांपूर्वी ती अंथरली होती.

पुढे आठवडाभरात आपल्याच मंडळातील एका शल्यचिकित्सक मित्राने विचारले, "आमच्या कुत्र्यासाठी अंगणात आर्टिफिशियल ग्रास टाकायचे म्हणतो. नातू रांगायला लागला आहे. तुझे मत काय?" त्याला फोनवर जे धड सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडतो. इंदूरच्या नव्या वसाहतींत बंगल्यापुढे चार हात जमीन, घरात एक कुत्रा आणि एक लहान मूल, असा संसार आता अनेकांचा आहे. त्यामुळे हा प्रश्न एकट्या त्या मित्राचा नाही.

ही हिरवळ आली कोठून?

कृत्रिम हिरवळ मुळात कुत्र्यांसाठी नव्हती, ती खेळाडूंसाठी होती. १९६४ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राऊन शाळेत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरली गेली. तिला प्रसिद्धी मिळाली ती ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या क्रीडागारामुळे. १९६५ साली ते सुरू झाले तेव्हा छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झळाळीमुळे खेळाडूंना चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगविली, तर सूर्यप्रकाशाअभावी गवत मेले. अखेर १९६६ साली तेथे नायलॉनची हिरवळ घालण्यात आली आणि क्रीडागाराच्या नावावरून तिला 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव पडले.

आज घरगुती वापरासाठी मिळणारी पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात. ती एका विणलेल्या अस्तरात सतरंजीच्या दशांसारखी ओवलेली असतात आणि मागून लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देऊन पक्की केलेली असतात. पाणी जाण्यासाठी या लेपात ठरावीक अंतरावर छिद्रे पाडतात. पाती उभी राहावीत व गालिचा जागेवर राहावा म्हणून पात्यांच्या मुळाशी बारीक वाळू पसरतात. थोडक्यात सांगायचे तर, हा एक सच्छिद्र गालिचा आहे. तो पाणी खाली सोडतो, पण स्वतः काहीही पीत नाही आणि काहीही पचवीत नाही. पुढील सारे विवेचन या एका वाक्यावर उभे आहे.

श्वानपालकांना तिचा मोह का पडतो?

हा मोह अकारण नाही. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चिकट होते. बाहेर जाऊन आलेला कुत्रा चारही पायांना किलोभर चिखल घेऊन दिवाणखान्यात शिरतो. उन्हाळ्यात त्याच मातीला बोटभर रुंद भेगा पडतात. हौसेने लावलेली खरी हिरवळ कुत्रा उकरतो, आणि जेथे तो रोज लघवी करतो तेथे पिवळे चट्टे पडतात.

या चट्ट्यांचे कारण समजून घेण्याजोगे आहे. मूत्रातील युरिया हे खरे तर नत्रयुक्त खतच. मातीतील जीवाणू युरियाचे अमोनियात, अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि ते नायट्रेट मुळे शोषून घेतात. मात्रा थोडी असेल तर गवत तरारते, एकाच जागी फार झाली की करपते. म्हणूनच पिवळ्या चट्ट्याच्या कडेला बहुधा गडद हिरवे वर्तुळ दिसते. मध्यभागी अतिरेक आणि कडेला पोषण!

चट्टे नकोत म्हणून आपण माती झाकतो. परंतु माती झाकताना तिची तीन कामे आपण बंद करीत असतो. ती मूत्र पिते, मळ पचविते आणि ओलाव्याच्या बाष्पीभवनाने स्वतःला थंड ठेवते. प्लास्टिक यांपैकी एकही काम करीत नाही. ही तिन्ही कामे त्या दिवसापासून घरमालकाच्या अंगावर पडतात. विक्रेता हे सहसा सांगत नाही आणि ग्राहकाच्या लक्षात ते पहिल्या पावसाळ्यात येते.

पहिले काम : मूत्राला वाट

३० किलो वजनाचा कुत्रा दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर मूत्र विसर्जित करतो. पाऊण लिटर धरले तरी वर्षाला सुमारे पावणेतीनशे लिटर होते, आणि तेही बहुतांशी दोन-तीन ठरलेल्या जागी, कारण वासाने जागा हेरणे हा श्वानधर्मच आहे. गालिच्याखाली त्याचा निचरा झाला नाही, तर जीवाणूंमधील युरिएज हे विकर युरियाचे अमोनियात रूपांतर करते आणि तो अमोनिया तेथेच राहतो. दुपारच्या उन्हात, किंवा पावसाच्या पहिल्या सरीनंतर घराला जो उग्र दर्प येतो तो याचा. दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलाच्या श्वासनलिकांना अमोनिया चुरचुरतो, हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून हिरवळ कोणती यापेक्षा तिच्याखाली काय आहे, हे अधिक महत्त्वाचे. काळ्या मातीवर थेट गालिचा अंथरणे ही पहिली चूक होय. माती फुगली-आकसली की पृष्ठभागावर खळगे होतात आणि खळग्यांत मूत्र साचते. वरची माती सहा ते आठ इंच काढावी, तळ दाबून घ्यावा आणि त्यावर भू-वस्त्र, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती वर न येऊ देणारे जाड कापड पसरावे. त्यावर धुतलेल्या खडीचा, म्हणजे आपल्याकडील गिट्टीचा, थर घालून तो चांगला दाबावा. पृष्ठभाग सारखा करण्यासाठी चुरीचा जाड थर देण्याची पद्धत आहे. कुत्रा असलेल्या घरी तो टाळावा, कारण बारीक चुरी मूत्र धरून ठेवते. शंभर फुटांना एक ते दोन फूट इतका उतार घरापासून बाहेरच्या बाजूस असावा आणि उताराच्या शेवटी पाण्याला खरोखर वाट असावी.

दुसरी चूक सिमेंटच्या सपाट फरशीवर गालिचा टाकण्याची. फरशी पाणी पीत नाही, उतार नसेल तर ते हलतही नाही. गच्ची किंवा फरशीच असेल तर गालिच्याखाली छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या उंच जाळीचा थर द्यावा, म्हणजे खालून पाणी वाहील व हवा खेळेल.

कुत्र्यासाठी पाती आखूड, साधारण २५ ते ३० मिलिमीटर उंचीची घ्यावीत. लांब पात्यांत मळ अडकतो. मुळाशी साध्या वाळूऐवजी झिओलाइटचे खडे टाकता येतात. हे सच्छिद्र खनिज अमोनियमचे आयन धरून ठेवते व सोडियमसारखे दुसरे आयन सोडते. घरगुती पाणी मृदू करण्याच्या यंत्रात चालते तशीच ही क्रिया आहे. परंतु त्याची धारणशक्ती भरली की दर्प परत येतो, तेव्हा झिओलाइटला कायमचा उपाय समजू नये. कडा लाकडी पट्टीवर किंवा सिमेंटच्या काठावर पक्क्या कराव्यात. उकरणारा कुत्रा नेमकी सैल कड शोधतो, आणि उपटलेली पाती गिळल्याने आतड्यात अडथळा येऊ शकतो. वर आलेला खिळा कुत्र्याच्या पंजाला जसा लागतो तसा बाळाच्या गुडघ्यालाही.

दुसरे काम : मळ पचविणे

आमच्या शास्त्राच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. कुत्र्याच्या, विशेषतः पिल्लाच्या, आतड्यात टॉक्सोकॅरा कॅनिस हा गोलकृमी आढळतो. पिल्लांना तो आईच्या पोटातच मिळतो. विष्ठेतून पडणारी त्याची अंडी त्या दिवशी संसर्गक्षम नसतात. त्यांत अळी तयार होण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती महिनोन्महिने टिकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. मुलाने ती गिळली की अळ्या आतड्यातून निघून यकृत, फुप्फुस, क्वचित डोळा येथे भटकतात. १९५० साली हेलेनोर वाइल्डर यांनी, बहुतांशी रेटिनोब्लास्टोमाच्या शंकेने काढलेले मुलांचे ४६ डोळे तपासले आणि त्यांतील २४ डोळ्यांत कृमीच्या अळ्या अथवा त्यांचे अवशेष दाखविले. १९५२ साली पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला 'व्हिसरल लार्व्हा मायग्रन्स' हे नाव दिले. माती खाण्याची सवय, वारंवार घरघर, वाढलेले यकृत आणि रक्तात इओसिनोफिल पेशींचे मोठे प्रमाण असे चित्र दिसले की घरात पिल्लू आहे का, हे विचारण्यास आपण विसरू नये.

"म्हणूनच तर माती झाकली!" असे कोणी म्हणेल. येथेच गफलत होते. अंडी मातीत जन्मत नाहीत, ती विष्ठेतून येतात. गालिच्याच्या मुळाशी असलेली दमट, सावलीतील वाळू त्यांना मातीइतकीच मानवते. नळीच्या जोरदार फवाऱ्याने विष्ठा 'धुऊन टाकणे' म्हणजे ती अंड्यांसह वाळूत दडविणे होय. उपाय साधा आहे. विष्ठा रोजच्या रोज, आधी कोरडी उचलावी आणि मग जागा धुवावी. अंड्यांना दोन आठवडे लागतात आणि आपण चोवीस तासांत ती हलवितो, एवढ्यावर ही साखळी तुटते. जोडीला पिल्लाला दोन आठवड्यांचे असल्यापासून दर दोन आठवड्यांनी दोन महिन्यांपर्यंत, पुढे सहा महिन्यांचे होईतो दरमहा आणि त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. रेबीज व लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी गालिचा असो वा नसो, लागतातच. गोचिडीही हिरवळ बदलल्याने जात नाहीत. कुत्र्याची तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालते, तेव्हा तिचा शोध तेथे घ्यावा.

धुण्याबाबत एक कळकळीचा इशारा. मूत्राचा दर्प घालविण्यासाठी ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट ओतू नये. अमोनियाशी त्यांचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू निर्माण होतात व ते फुप्फुसांना अपाय करतात. ब्लीचबरोबर संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरणे तर त्याहून घातक, कारण त्यातून क्लोरीन सुटतो. फिनाइलची बाटली अंगणात ठेवणे म्हणजे रांगत्या मुलाला आमंत्रण. साधे पाणी, अधूनमधून सौम्य साबण किंवा विकरयुक्त द्रावण पुरेसे असते. हे पाणी रोज लागणार, हेही ध्यानात घ्यावे. इंदूरचे नर्मदाजल सुमारे ७० किलोमीटरवरून, जलूदहून, पंपांनी चढवून आणले जाते. खऱ्या हिरवळीला पाणी लागते म्हणून प्लास्टिक आणणाऱ्याने धुण्याच्या पाण्याचाही हिशेब करावा. स्नानगृहातील किंवा कपडे खंगाळलेले पाणी त्यासाठी साठविता येते.

तिसरे काम : थंडावा

आता त्या दीड वर्षाच्या मुलीकडे वळतो. जिवंत गवत आपल्या पात्यांतून पाणी बाहेर टाकते, त्यामुळे रणरणत्या उन्हातही ते पायाला सोसवते. प्लास्टिकला हा उपाय नाही. २००२ साली अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात केलेल्या मोजमापांत, हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेल्याचे आढळले. पाणी मारल्यावर तो झपाट्याने थंड झाला, पण अवघ्या २० मिनिटांत पुन्हा ७० अंशांच्या वर पोचला. ते मैदान रबराच्या कणांनी भरलेले होते. वाळू घातलेले घरगुती अंगण तितके तापेलच असे नाही. परंतु आपल्या मे महिन्यात हवेचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, हे विसरून चालणार नाही.

६० अंशांच्या गरम पाण्याचा स्पर्श प्रौढाच्या त्वचेला सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजतो. प्लास्टिक उष्णता पाण्याहून सावकाश देते, पण बाळाची त्वचा पातळ असते. शिवाय मोठा माणूस चटका बसताच पाय मागे घेतो, तर नुकते चालू लागलेले मूल आहे तेथेच उभे राहून रडते. हिरवा रंग म्हणजे गारवा, अशी आपल्या डोळ्यांची समजूत असते, त्यामुळे मोठ्यांनाही धोका जाणवत नाही. कुत्र्याचीही गत निराळी नाही. त्याच्या अंगाला घाम येत नाही, तो धापा टाकून आणि थोडाफार पंजांच्या गाद्यांतून उष्णता टाकतो, आणि त्या गाद्याही भाजतात.

नियम सोपा ठेवावा. तळहाताची उलटी बाजू गालिच्यावर सात सेकंद टेकवावी. आपल्याला सोसले नाही, तर मूल व कुत्रा दोघेही घरात. भाजलेच तर तो भाग वाहत्या, साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. त्या मुलीच्या पायांना घरी टूथपेस्ट लावली होती. ती काढताना तिला झालेल्या यातना टळू शकल्या असत्या.

गालिच्यात काय आहे?

२००८ साली न्यूजर्सीच्या आरोग्य खात्याला काही नायलॉनच्या मैदानांत शिसे आढळले. ते रंगातील लेड क्रोमेटचे होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तपासलेल्या नमुन्यांपासून मुलांना धोका नाही, असे सांगितले, तरी शिसेयुक्त रंग यापुढे वापरू नयेत, असेही उत्पादकांना सुचविले. तात्पर्य, विक्रेत्याकडे शिसे व अन्य जड धातूंच्या तपासणीचा दाखला मागावा आणि न मिळाल्यास माल घेऊ नये. जुन्या टायरांच्या रबराचे कण घरी मुळीच नकोत. मुले आणि पिल्ले दोघेही ते तोंडात घालतात. असे कण पर्यावरणात पसरतात म्हणून युरोपीय संघाने २०२३ साली नियम करून क्रीडामैदानांसाठी त्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी लागू होईल, असे ठरविले आहे. पाती उन्हाने ठिसूळ होऊन झडू लागली, की गालिचा बदलण्याची वेळ आली असे समजावे.

मग टाकावी की नाही?

मित्राला मी दिलेले उत्तर असे : टाक, पण सारे अंगण झाकू नकोस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या पाहणीत, जन्मापासूनच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांत पुढे शालेय वयात दम्याचे प्रमाण काहीसे कमी दिसले. २०२० साली फिनलंडमधील संशोधकांनी काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणांत जंगलातील माती व गवत आणून घातले. ३ ते ५ वर्षांची मुले २८ दिवस त्यांत खेळली. त्यांच्या त्वचेवरील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील प्रतिकारशक्तीचे काही निर्देशकही बदलले. यावरून मोठे निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. परंतु मुलाला कुत्रा हवा आणि कुत्र्याला माती हवी, या जुन्या समजुतीला शास्त्र निदान विरोध करीत नाही, एवढे खरे.

म्हणून माझ्या मते गालिचा सावलीच्या भागात, घराच्या पायरीलगत असावा, म्हणजे चिखल घरात येणार नाही. कुत्र्याच्या विधीसाठी अंगणाचा एक कोपरा मातीचा वा खडीचा राखून त्याला तेथेच जाण्याची सवय लावावी. पिल्लू दोन-तीन आठवड्यांत शिकते. तो कोपरा मुलांच्या खेळापासून दूर असावा. मुलांना खेळण्यासाठी दुसरा, कुत्र्याला मज्जाव असलेला मातीचा वाफा असावा आणि खेळून आल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम असावा. आमच्या घरी आम्ही असेच केले आहे. कडुनिंबाखाली गालिच्याची एक पट्टी, बाकी माती. पावसाळ्यात आमच्या पत्नीची कुरकुर असते, पण पुसण्याचे फडके दाराशी ठेवल्याने गृहशांती टिकून आहे.

त्या छोट्या मुलीचे पाय दोन-अडीच आठवड्यांत बरे झाले. शेवटच्या तपासणीला वडील आले होते. अर्धा गालिचा त्यांनी उचलला आणि उरलेल्यावर हिरव्या जाळीची सावली केली, असे ते म्हणाले. उचललेल्या जागी काय करावे, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "काही करू नका. पावसाळा येतो आहे, माती आपले काम सुरू करील."